कण्यांची लाज कशाला?

आमच्या घरी संध्याकाळी चुलीवर कण्या रटरटायच्या. आई जात्यावर ज्वारी भरडायची, पीठ चाळून बाजूला काढायची आणि उरलेल्या कण्या धुऊन, मीठ घातलेल्या आधणात शिजवायची. सोबत येसराची आमटी, नाहीतर ताक. एवढ्यावर सारं घर पोटभर जेवत असे.

आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, कॉलनीत आलो आणि पाहुण्यांपुढे कण्या ठेवायची आम्हाला लाज वाटू लागली. श्रीखंड-पुरी म्हणजे पुढारलेपण आणि कण्या म्हणजे मागासलेपण, हे आम्हाला कुणी शिकवले? बाबासाहेबांनी तर नाहीच! १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे अन्न सोडायला सांगितले. ती गुलामीची खूण होती. ती टाकली, हे योग्यच झाले. पण कण्या कुणाच्या दारातून मागून आणलेल्या नव्हत्या. त्या आईच्या मजुरीच्या ज्वारीच्या होत्या.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या ताटाची नोंद केली. आमच्या स्वयंपाकघरात मात्र ते ताट पुसले जात आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि ज्वारी मॉलमध्ये जाऊन बसली. आम्ही हलकी मानलेली ज्वारी आता आम्हीच चढ्या भावाने पाकिटातून विकत घ्यायची काय?

येत्या रविवारी रात्री घरी कण्या शिजवा. मुलांना जवळ बसवा. ही ज्वारी आजीने कुणाच्या शेतात राबून आणली, तेही जेवताना सांगा.