गुडघेदुखी आणि सुया : फरक नेमका कुठे पडतो?

६०.३, ५८.६ आणि ४७.३.

बीजिंगमधल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या एका चाचणीतल्या या तीन टक्केवाऱ्या. चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघ्याची झीज झालेल्या ४८० रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाच्या सुयांमधून विजेचा सौम्य प्रवाह सोडला, दुसऱ्या गटाला हाताने सुया टोचून फिरवल्या आणि तिसऱ्या गटाला अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर, नाममात्र सुया टोचल्या. आठवड्याला ३ याप्रमाणे ८ आठवड्यांत २४ वेळा उपचार झाले. त्यानंतर वेदना आणि हालचाल या दोन्हींत आधी ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा किती जणांत दिसली, ते हे आकडे सांगतात.

‘साधी सुई चांगली, करंटवाली की लेसर?’ असे गुडघेदुखीचे रुग्ण हमखास विचारतात. वरच्या आकड्यांत करंटवाली आणि साधी यांच्यातले अंतर १.७ टक्क्यांचे आहे, म्हणजे नगण्य. नाममात्र सुईपेक्षा करंटवाली १३ टक्क्यांनी पुढे आहे, म्हणजे ८ जणांवर उपचार केले तर एकाला जास्तीचा लाभ. हा १३ चा आकडाही ठाम नाही. खरा फरक ०.२ पासून २५.९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. साध्या सुईच्या बाबतीत खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते, त्यामुळे तिची आघाडी निव्वळ योगायोगाचीही असू शकते.

जर्मनीचा धडा

याहून मोठी चाचणी जर्मनीत झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत १,००७ रुग्ण होते आणि यश २६ आठवड्यांनी मोजले होते. पारंपरिक चिनी बिंदूंवर सुया टोचलेल्यांत ५३.१ टक्के, नाममात्र सुया टोचलेल्यांत ५१ टक्के आणि सुयांशिवाय नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २९.१ टक्के रुग्णांना यश आले. बिंदू बरोबर की चूक, याने २.१ टक्क्यांचा फरक पडला. सुया टोचल्या की नाही, याने मात्र २० टक्क्यांहून जास्त.

त्याच देशातल्या २००५ च्या दुसऱ्या चाचणीत चित्र थोडे वेगळे दिसले. तिथे त्रास गुणांत मोजला होता. गुण जितके कमी, तितका त्रास कमी. ८ आठवड्यांत १२ वेळा उपचार झाल्यावर खऱ्या सुयांच्या गटाचे गुण २६.९, नाममात्र सुयांचे ३५.८ आणि प्रतीक्षायादीतल्या रुग्णांचे ४९.६ होते. इथे तंत्राला थोडे श्रेय मिळाले, पण वर्षभराने खऱ्या आणि नाममात्र सुयांतला फरक ठळक उरला नाही.

लेसर आणि व्यायाम

ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या २८२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनंतर बिंदूंवर सोडलेला लेसर असो वा सुई, बंद ठेवलेल्या लेसरपेक्षा वेदना किंवा हालचाल यांत कोणीही सरस ठरले नाही. ब्रिटनमध्ये २००७ च्या चाचणीत ३५२ जणांना सल्ला आणि व्यायाम दिला, काहींना जोडीला सुयाही. ६ महिन्यांनी वेदनेच्या गुणांतली घट अशी होती : फक्त व्यायाम २.२८, सोबत खरी सुई २.३२ आणि सोबत त्वचेत न शिरणारी खोटी सुई २.५३. व्यायाम नीट सुरू असेल, तर सुयांनी त्यात वेदनेपुरती काही भर घातली नाही.

मग बरे कशाने वाटते?

सुया न मिळालेल्या रुग्णाला आपल्याला त्या मिळाल्या नाहीत हे ठाऊक असते, आणि त्याचा परिणाम त्याने सांगितलेल्या दुखण्यावर होतो. शिवाय उपचार करणाऱ्याचे बोलणे, दिलेला वेळ, जागवलेली आशा हेही काम करतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ५२७ रुग्णांच्या चाचणीत, २०१० मध्ये, नेमके हेच तपासले गेले. खऱ्या आणि नाममात्र सुईत फरक आढळला नाही. पण ज्या रुग्णांशी ‘तुम्हाला नक्की आराम पडेल’ अशा सुरात बोलले गेले, त्यांची वेदना ज्यांच्याशी तटस्थपणे बोलले गेले त्यांच्यापेक्षा कमी झाली.

तुलना कशाशी करायची, यावरून धोरणेही वेगवेगळी झाली. जर्मनीने २००७ पासून गुडघ्यासाठीच्या सुयांचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यात घेतला, कारण तिथे नेहमीच्या उपचारांशी तुलना महत्त्वाची मानली गेली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, कारण तिने नाममात्र सुईशी तुलना निर्णायक मानली. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सशर्त शिफारस केली.

रुग्णाने काय करावे?

हे आकडे वाचून मला ठामपणे सांगावेसे वाटते की, करंट किंवा लेसरसाठी जादा पैसे मोजू नका. आधी मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू करा. वजन जास्त असेल तर ते उतरवा. १ किलो वजन घटले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मोजले गेले आहे. त्यानंतरही सुया घ्याव्याशा वाटल्या, तर अवश्य घ्या. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून सुया टोचणाऱ्याची नोंदणी आहे का हे विचारा आणि सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आहेत याची खात्री करा. जर्मन चाचण्यांत सुरुवातीला १० ते १२ वेळा उपचार ठरलेले होते, तितकीच मर्यादा घालून घ्या. तेवढ्यात जिना चढणे, जमिनीवरून उठणे सोपे झाले नाही, तर तंत्र बदलून पाहण्यात पैसे घालवू नका. तो पैसा आणि वेळ फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकण्यात घालवा.