दप्तर घेऊन निघाला पाऊस!

हे इंग्रजी वाक्य जरा मोठ्यानं वाच बघू: ‘वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.’

काही खटकलं? नाही? मग मला सांग, शाळेत चालत कोण निघालं होतं?

तू म्हणशील, ‘मी!’ पण वाक्य म्हणतंय, ‘छे, पाऊस!’ खरंच! दप्तर अडकवून पाऊसच निघालाय शाळेला!

असं कसं झालं? ‘वॉकिंग टू स्कूल’ या तुकड्यात चालणं आहे, शाळाही आहे. पण चालणारा? तोच नाही! अशा तुकड्याला इंग्रजीत पार्टिसिपियल फ्रेज म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण खेळ तुझ्या ओळखीचाच.

आंधळी कोशिंबीर आठव. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी, तो हात पसरतो आणि जो पहिला हाताला लागेल त्याला धरतो. हा तुकडाही तसाच! स्वल्पविराम ओलांडला की तो वाक्याच्या कर्त्याला पकडतो. इथं हाताला लागला पाऊस. धरला!

मग करायचं काय? एक तर तिथं योग्य गडी उभा करायचा: ‘वॉकिंग टू स्कूल, आय गॉट वेट.’ चालणारा मी, भिजणाराही मीच. नाहीतर सरळ पट्टीच सोडायची! ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड.’ बघ, ‘आय’ आता तुकड्याच्या आतच आला. स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद मिळालं की तो तुकडा होतो क्लॉज, म्हणजे आपलं उपवाक्य. त्याला कुणाला शोधायची गरजच नाही.

शेवटी ‘इंग’ नसलं तरी ही गंमत होते बरं का! ‘फ्राइड इन हॉट ऑइल, आय एट द भजी.’ गरम तेलात कोण तळलं गेलं? मी! बाप रे!

आता खरी नवलाची गोष्ट ऐक. मराठीत ‘शाळेत जाताना पाऊस सुरू झाला’ हे अगदी बरोबर! ‘जाताना’ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. म्हणूनच आपण तेच वाक्य इंग्रजीत नेलं, की पाऊस दप्तर उचलतो. पण मराठीतही एक पट्टीवाला गडी आहे. ओळख पाहू! ‘दार उघडून मांजर आत आलं.’ दार कुणी उघडलं? मांजरानंच! आणि ‘दार उघडल्यावर मांजर आत आलं’ म्हटलं तर? दार आईनं उघडलेलं असू शकतं, वाऱ्यानंही! एवढासा ‘ऊन’, पण मांजराच्या पंजात कडी देतो. मला तर हे फार आवडतं.

अशी वाक्यं थोरामोठ्यांच्या हातूनही लिहिली गेलीत. शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ हे नाटक चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. त्यात मेलेल्या राजाचं भूत सांगतं की, मी बागेत झोपलो असताना मला साप चावला, असं लोकांना सांगण्यात आलंय. पण इंग्रजी ओळीत झोपण्याच्या तुकड्यामागून लगेच येतो साप. म्हणजे व्याकरणानं झोपलाय सापच! झोपेत चावणारा साप! नाटक बघणाऱ्यांना मात्र अर्थ बरोबर कळतो. (खरं तर सापबिप कुणी नव्हताच, पण ते गुपित नाटकातच कळू दे.)

आणखी एक गोष्ट चटकन सांगते. ‘मला धावायला, पोहायला आणि वाचन आवडतं.’ कान अडखळला ना? ‘धावायला, पोहायला आणि वाचायला’ म्हण, लगेच ताल लागतो! इंग्रजीतही ‘रनिंग, स्विमिंग’च्या मागून ‘रीडिंग’च हवं, ‘टू रीड’ नको. याला म्हणतात पॅरललिझम. इसवी सनापूर्वी 47 मध्ये ज्युलियस सीझरनं आजच्या तुर्कस्तानातली झेलाची लढाई झटपट जिंकली. तो विजय त्यानं तीनच लॅटिन शब्दांत कळवला म्हणतात: आलो, पाहिलं, जिंकलं! तिन्ही क्रियापदं, तिन्ही एकाच घडणीची. ‘आलो, पाहिलं आणि मग विजय’ असं असतं, तर दोन हजार वर्षं कुणी लक्षात ठेवलं असतं?

चल, आता तुझी पाळी! ‘बार्किंग लाउडली, द पोस्टमन रॅन अवे फ्रॉम द डॉग.’

सांग बघू, भुंकलं कोण? आणि पोस्टमनकाकांची सुटका कशी करशील?