कार्यानुभवाच्या तासाला

कोलकात्यात सियालदह स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की हमालांची धावपळ, भाजीच्या टोपल्या आणि फुटपाथवर मांडलेले संसार दिसतात. याच परिसरात लोरेटो डे स्कूल ही मुलींची जुनी कॅथलिक शाळा आहे. आयर्लंडहून तरुणपणीच भारतात आलेल्या सिस्टर सिरिल मूनी 1979 मध्ये तिथे मुख्याध्यापिका झाल्या. फाटकाच्या आत इस्त्रीच्या गणवेशातल्या मुली, बाहेर त्याच वयाच्या, पाटी कधी हातात न धरलेल्या मुली. रोज पाहून पाहून असलं दृश्य आपल्या डोळ्यांना खुपेनासं होतं. सिस्टर सिरिल यांना ते खुपत राहिलं.

त्यांनी फी न घेता गरीब घरच्या मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. पुढे शाळेतल्या सुमारे 1400 मुलींपैकी जवळजवळ निम्म्या अशा होत्या. पण रस्त्यावरच राहणाऱ्या मुलांना सकाळच्या घंटेला हजर राहणं कसं जमणार? कुणी कचरा वेचतं, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरतं. 1985 च्या सुमारास त्यांच्यासाठी शाळेचं दार उघडलं. सवड मिळेल तेव्हा यायचं, जमेल तेवढं शिकायचं. या मुलांना शाळेत ‘रेनबो’ म्हणतात.

त्यांना शिकवणार कोण, याचं उत्तर सिस्टरांनी वेळापत्रकातच शोधलं, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. पाचवीपासून वरच्या वर्गांना कार्यानुभवाचा तास असतोच. आपल्याकडे त्यात कागदाची फुलं आणि फायलींवरची नक्षी होते. इथे त्या तासाला एका विद्यार्थिनीसमोर एक रेनबो मूल बसू लागलं. वर्ग आलटून पालटून येत, त्यामुळे मूल कधीही आलं तरी त्याला शिकवणारी कुणीतरी ताई मोकळी असे. शिवाय दर गुरुवारी मुली खेड्यांतल्या शाळांत जाऊन शिकवत. पुढे ज्या मुलींना रात्री निवारा नव्हता, त्यांच्या राहण्याची सोयही शाळेच्या इमारतीतच झाली.

नेतृत्व म्हटलं की आपल्याला हेड गर्लचा बिल्ला आणि संचलनातली पुढची जागा आठवते. मला खरं नेतृत्व त्या अकरा वर्षांच्या मुलीत दिसतं, जिच्यासमोरच्या मुलाला अक्षर येत नाही, पण पोट कसं भरायचं हे तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्याला कंटाळा आला तर काय करायचं, तो आठवडाभर आलाच नाही तर त्याची चौकशी कुठे करायची, हे तिचं तिलाच ठरवावं लागतं. देणारी मोठी आणि घेणारा लहान, हा हिशेब त्या बाकावर फार दिवस टिकत नाही.

तो हिशेब मोडणं हीच इथली अध्यात्माची शिकवण, असं मी मानतो. शाळेत हिंदू आणि मुसलमान मुलीही शिकतात. धर्म बदलण्याचा इथे प्रश्नच नाही. या शिकवणीला चर्चचाही आधार आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शिक्षणावर जाहीरनामा काढला. गरिबांची, कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांची आणि श्रद्धेबाहेरच्यांचीही विशेष काळजी घ्या, असं त्यात सांगितलं आहे. ही शाळा चालवणाऱ्या लोरेटो भगिनींच्या परंपरेचं मूळ आणखी मागे जातं. सतराव्या शतकात मेरी वॉर्ड या इंग्रज बाईंनी मठाच्या भिंतींबाहेर पडून मुलींच्या शाळा काढल्या. त्यासाठी 1631 मध्ये चर्चनेच त्यांना म्यूनिकमध्ये कैदेत ठेवलं होतं.

सिस्टर सिरिल 2011 पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2023 मध्ये कोलकात्यातच त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे दरवर्षी शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) प्रवेशांची धांदल उडते. गरीब आणि वंचित मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याच्या त्यातल्या अटीतून सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना वगळलं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटना कायदा काही विचारत नाही. सियालदहलाही कुणी विचारलं नव्हतं. आरटीई यायच्या कितीतरी आधी तिथली निम्मी बाकं गरीब मुलींची झाली होती. आपल्या कॉन्व्हेंटच्या वेळापत्रकातही कार्यानुभवाचा तास आहे, आणि फाटकाबाहेर मुलंही आहेत.