शंभर डॉलरचा पहिला अंक

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतल्या मुलांचा एक लाडका सुपरहिरो आहे, रेडिओॲक्टिव्ह मॅन. मालिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या रस्त्यावर तो कधी कुणाला वाचवायला येत नाही. तो असतो कॉमिकच्या पानावर, पडद्यावर आणि दुकानातल्या काचेमागे. मालिकेतलं सुपरहिरोचं विडंबन खरं तर सुपरहिरोचं नाहीच, ते त्याच्या बाजाराचं आणि भक्तांचं आहे, असं मला वाटतं ते यामुळेच. पण विडंबन म्हणजे नुसता उल्लेख नव्हे. नुसता उल्लेख प्रेक्षकाच्या माहितीवर जगतो, मूळ ठाऊक नसेल तर तो वाया जातो. विडंबनाला मात्र स्वतःचं पोट असावं लागतं. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात ज्या कवितांची टर उडवली त्यांतल्या कितीतरी आज कुणाला आठवत नाहीत, तरी हसू येतंच.

९ मे १९९१ रोजी दाखवलेल्या भागात सिम्पसन कुटुंबातल्या बार्टला रेडिओॲक्टिव्ह मॅनचा पहिला अंक हवा असतो. किंमत शंभर डॉलर. पैसे जमवायला तो एका म्हातारबाईंच्या घरी राबतो, अंगणातलं तण उपटतो आणि शेवटी हातावर पडतात अवघे पन्नास सेंट. मग बार्ट आणि त्याच्या बरोबरीची मिलहाउस आणि मार्टिन ही मुलं वर्गणी काढून अंक घेतात, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. रात्री अंक कुणाकडे राहणार? तिघं झाडावरच्या खोपटात एकमेकांवर पहारा देत बसतात. बाहेर वादळ, आत संशय. मार्टिनला खुर्चीला बांधलं जातं, मिलहाउस खोपटाबाहेर लोंबकळतो, बार्टच्या एका हातात त्याची बाही आणि तिकडे वाऱ्यावर फडफडणारा अंक. तो मित्राला वाचवतो, अंक विजेत खाक होतो. या प्रसंगामागे ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ हा १९४८चा सोन्याच्या शोधाचा चित्रपट आहे. तो पाहिला असेल तर गंमत वाढते, पण नसेल तरी काही अडत नाही. सामाईक मालकीच्या वस्तूवरून घरं कशी फुटतात, हे कळायला हॉलिवूड कशाला लागतं?

१९९५च्या भागात त्याच नायकावर चित्रपट काढायला हॉलिवूडची मंडळी गावात येतात. इथे एक जुनी मालिकाही झलकते, १९६६ ते १९६८ दरम्यान चाललेली ॲडम वेस्टची ‘बॅटमॅन’, मारामारीच्या वेळी पडद्यावर ठोश्यांचे आवाज अक्षरांत छापणारी. पण भागाचा भर दुसरीकडे आहे. साहाय्यक नायक ‘फॉलआउट बॉय’ म्हणून मिलहाउसची निवड होते आणि तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा करून तो विटून जातो. ॲसिडच्या दृश्यात त्याने येऊन नायकाला वाचवायचं असतं, तर हा पठ्ठ्या गायब! डोळ्यांवर गॉगल चढवलेला पैलवानी नट ॲसिडच्या लोंढ्यात सापडतो आणि गॉगल कुचकामी ठरतो. तिकडे गावकरी तऱ्हेतऱ्हेचे कर लावून निर्मात्यांना नागवतात. स्प्रिंगफील्डची साधीभोळी माणसं या गोष्टीतली सर्वांत तरबेज लुटारू आहेत.

काही विनोद ओळखीवाचून कळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. २००७च्या एका भागात ‘वॉचमेन’ या कॉमिकचा लेखक ॲलन मूर स्वतःच्या आवाजात येतो आणि मिलहाउस त्याच्यापुढे ‘वॉचमेन’चं तान्ह्या बाळांचं कार्टून सहीसाठी धरतो. मूरचं प्रकाशकांशी किती बिनसलं होतं हे माहीत नसेल, तर त्यातली अर्धी धार बोथट होते. त्याहून जड आक्षेप असा, की ज्या बाजाराची टर उडवायची त्याच बाजारात ही मालिका बसली आहे. २०१९पासून ‘द सिम्पसन्स’ आणि ‘मार्व्हल’ दोन्ही डिस्नेच्या घरात नांदतात. २०२१चा, मार्व्हलच्या लोकीचा लघुपट पाहा, स्प्रिंगफील्डकरांना ॲव्हेंजर्सचे कपडे चढवले, संपलं. तो नुसता उल्लेखांचा ढीग आहे, आणि जाहिरात आहे.

पण बाजारात बसलं की विडंबन मरतंच, असं मला म्हणवत नाही. मालिकेचा जनक मॅट ग्रोनिंग आणि त्याच्या साथीदारांनी १९९३मध्ये ‘बॉन्गो कॉमिक्स’ काढलं आणि रेडिओॲक्टिव्ह मॅनचे खरेखुरे अंक विकायला आणले. पहिला अंक क्रमांक १. त्यानंतरचा थेट ८८, मग २१६. अंक जपून पेटीत ठेवणाऱ्याची पेटी कधीच पूर्ण होणार नव्हती, कारण मधले कितीतरी अंक कुणी छापलेच नव्हते.