एका ताव कागदात मावलेलं प्रियाराधन

1826 सालच्या जूनमध्ये एडवर्ड डिकिन्सन या तेवीस वर्षांच्या तरुणाने एमिली नॉरक्रॉस या एकवीस वर्षांच्या मुलीला लग्नाची मागणी घातली, आणि तीही पत्रातून. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲमर्स्ट गावचा, वकिलीचं शिक्षण संपवत आलेला. ती मन्सन गावची, खात्यापित्या घरातली थोरली लेक. दोन गावांमध्ये वीस-पंचवीस मैलांचं अंतर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मन्सनमध्ये दोघांची ओळख झाली होती आणि त्यानंतरच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. 6 मे 1828 रोजी त्यांचं लग्न लागलं. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत ही दोघं एकमेकांना भेटत राहिली ती मुख्यतः कागदावर.

हा पत्रव्यवहार टिकून राहिला आणि 1988 साली पुस्तकरूपाने छापलाही गेला. त्याचं कारण उघड आहे. या जोडप्याची मधली मुलगी म्हणजे कवयित्री एमिली डिकिन्सन. लेकीसाठी म्हणून ही पत्रं हातात घ्यावीत आणि आईवडिलांमध्येच गुंतून पडावं, अशी ती आहेत. त्या भागात अजून आगगाडी नव्हती, तारयंत्र नव्हतं, टपालाचं तिकीट तर जगात कुठेच नव्हतं. अशा काळात दोन लहान गावांतली दोन माणसं एकमेकांना कशी ओळखू लागली, हे आपल्याला त्यांच्याच हस्ताक्षरात वाचायला मिळतं, ही केवढी नवलाची गोष्ट!

असं प्रियाराधन घडायला काही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. पहिली म्हणजे मुलीला लिहिता यायला हवं. न्यू इंग्लंड या त्यांच्या भागातल्या गावांमध्ये मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्याची रीत तोवर चांगली रुळली होती. मन्सनमध्ये 1804 पासून अकादमी होती, तिथे मुलगे आणि मुली दोघंही शिकत. एमिली तिथलीच विद्यार्थिनी. दुसरी गोष्ट म्हणजे लग्न जुळवण्यात मुलामुलीचा पुढाकार. वडिलांची संमती लागेच, पण मन जुळलंय की नाही हे ज्याचं त्याने पाहावं, असं मानलं जाऊ लागलं होतं. आणि तिसरी गोष्ट टपाल. गावोगावी फिरणाऱ्या घोडागाड्यांमधून सरकारी टपालाच्या थैल्या जात होत्या आणि ॲमर्स्टसारख्या गावालाही स्वतःचं टपालघर होतं.

घडीत दडलेलं गणित

त्या काळचं एखादं पत्र हातात घेऊन उलगडलं, तर पहिलं आश्चर्य वाटतं ते पाकिटाचं. कारण पाकीट नसतंच. एक मोठा ताव मधोमध दुमडायचा, म्हणजे चार पानं होतात. पहिल्या तीन पानांवर मजकूर. चौथं पान बाहेरच्या बाजूला येतं, त्याच्या मध्यभागी पत्ता. मग वरचा-खालचा भाग आत घ्यायचा, बाजूच्या कडा एकमेकींत खोवायच्या आणि लाखेचा ठिपका नाहीतर पिठाची ओली टिकली लावून सगळं चिकटवायचं. पत्र स्वतःचंच पाकीट होतं.

हा खटाटोप कशासाठी, तर टपालाच्या दरासाठी. तेव्हा वजनावर पैसे आकारत नसत. पत्र किती मैल जाणार आणि त्यात कागद किती, यावर दर ठरे. तीस मैलांच्या आत एका कागदाला 6 सेंट. चारशे मैलांच्या पुढे 25 सेंट. कागद दोन झाले की दर दुप्पट, तीन झाले की तिप्पट. वरून गुंडाळलेला कागदसुद्धा मोजणीत धरला जाई. म्हणजे मन्सनला धाडलेलं एका तावाचं पत्र 6 सेंटांत जाई. मन भरून आलं म्हणून दुसरा ताव जोडला तर 12 आणि त्यावर पाकीट चढवलं तर 18 सेंट! शेतमजुराची दिवसभराची मजुरी साधारण एका डॉलरच्याही आत होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे या आकड्यांचं वजन कळतं.

पैसे आधी भरायची मुभा होती, पण सर्रास रीत अशी की पत्र ज्याला आलं त्याने पैसे मोजून ते सोडवून घ्यायचं. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या शब्दांचा भार वाचणाऱ्याच्या खिशावर पडे. जिच्याकडे मन ओढ घेतंय तिच्या घराला आपल्या वाचाळपणाचा भुर्दंड पडणार, ही जाणीव कुठल्याही तरुणाचा हात आखडायला पुरेशी होती. जागा संपली की माणसं समासात लिहीत, घडीच्या कानाकोपऱ्यात लिहीत. काहीजण तर भरलेलं पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरून काटकोनात दुसऱ्या ओळी लिहीत. अशी पानं पहिल्यांदा पाहिली तर विणलेल्या चटईसारखी दिसतात. पण डोळा एकदा आडव्या ओळींवर बसला की उभ्या ओळी आपोआप मागे सरतात आणि मजकूर वाचता येतो.

शाईचीही गंमत ऐकण्यासारखी आहे. मायफळ, हिराकस आणि डिंक यांपासून ती बनत असे. लिहिताना ती फिकट उमटे आणि हवा लागली की हळूहळू गडद होत जाई. पिसाची लेखणी थोड्याथोड्या ओळींनंतर दौतीत बुडवावी लागे, मधूनमधून चाकूने तासावी लागे. प्रत्येक बुडवणीला वाक्य क्षणभर थांबे. एकदा उमटलेला शब्द पुसून टाकायची सोय नव्हती. फार तर खोडायचा, आणि खोडलेलं तिला दिसणारच.

साऱ्या गावादेखत

पत्रात लिहिलेलं दोघांचं असलं, तरी पत्र आलंय ही बातमी गावाची असे. लहान गावातलं टपालघर म्हणजे बहुधा एखाद्या दुकानाचा किंवा खानावळीचा कोपरा. दुकानदारच टपालमास्तर. तोच पत्राच्या कोपऱ्यात दराचा आकडा आपल्या हाताने लिहिणार, अनेक ठिकाणी गावाचं नाव आणि तारीखही तोच हाताने घालणार. घरोघरी टपाल पोचवणारा पोस्टमन नव्हता. शहरांमध्ये फुकट घरपोच टपाल सुरू झालं ते 1863 साली आणि खेड्यांपर्यंत ते शतक सरता सरता पोचू लागलं. तोवर पत्र स्वतः जाऊन आणायचं, नाहीतर बाजारात निघालेल्या भावाला सांगायचं. न नेलेल्या पत्रांच्या मालकांची यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येई. यादीत नाव दिसलं की गावभर कुणकुण लागलीच!

पैसे वाचवायला आणि चारचौघांच्या नजरा चुकवायला लोक आणखी एक वाट काढत. त्या बाजूला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पत्र देत. पण तसा माणूस कधी निघेल याचा भरवसा नसे. त्यामुळे काल लिहिलेलं आधी पोचेल की परवाचं, हेही सांगता येत नसे.

शिवाय ही पत्रं कायद्याच्या दृष्टीने फार गंभीर चीज होती. लग्नाचं वचन हा करार मानला जाई आणि ते मोडलं तर भरपाईचा दावा लावता येई. अशा खटल्यात प्रेमपत्रं पुरावा म्हणून न्यायालयात वाचली जात. म्हणूनच संबंध तुटला की दोघांनी एकमेकांची पत्रं परत करायची, असा शिष्टाचार होता. एडवर्ड तर वकीलच. प्रत्येक वाक्याचं मोल त्याला पुरतं ठाऊक असणार.

त्याची लांब पत्रं, तिचं थांबणं

एडवर्डची पत्रं लांबलचक आहेत. कर्तव्य, चारित्र्य, शिक्षण, धर्म, संसार, सगळ्यावर तो लिहितो. मौजमजेपेक्षा विचाराच्या पायावर उभ्या राहणाऱ्या सुखाला तो महत्त्व देतो. त्याच सुमारास ॲमर्स्टच्या वर्तमानपत्रात टोपणनावाने त्याने स्त्रीशिक्षणावर लेखही लिहिले. त्यातली मतं जुन्या वळणाची होती. प्रेमपत्रं म्हणून एडवर्डची पत्रं आज काहींना रुक्ष वाटतील. पण नीट वाचली तर त्यांतली तळमळ जाणवते. बायको म्हणून येणाऱ्या मुलीला आपण कसे आहोत हे आधीच कळावं, म्हणून एक तरुण आपली सगळी मतं, सगळ्या आशा कागदावर मांडून ठेवतोय.

एमिलीची पत्रं थोडी आणि छोटी. हस्ताक्षराबद्दल, उशिराबद्दल ती क्षमा मागते. तिच्या घरची परिस्थिती पाहिली तर तिला लिहायला वेळ कुठून मिळत असेल, हाच प्रश्न पडतो. आईची प्रकृती तोळामासा. थोरला भाऊ हिराम आजारी. पुढे 1829 मध्ये दोघंही गेली. नऊ भावंडांच्या घरात थोरल्या मुलीच्या वाट्याला स्वयंपाक, शिवणटिपण, शुश्रूषा, सगळंच येई.

तरीही तिच्या थांबण्यामागे कामाच्या रगाड्याहून अधिक काही आहे, असं मला मनापासून वाटतं. जूनमधल्या मागणीला होकार यायला कित्येक महिने गेले. ॲमर्स्टला येऊन जा, असा आग्रह तो पुन्हा पुन्हा करतो आणि ती जाणं लांबणीवर टाकत राहते. त्या काळी लग्न झालं की बाईची मालमत्ता, तिची कमाई, तिचं कायदेशीर अस्तित्व, सगळं नवऱ्यात विलीन होई. मुलीच्या हातात खरोखर तिचा म्हणावा असा काळ एकच होता, मागणी आणि होकार यांच्या मधला. पत्रव्यवहाराने तिला तो काळ लांबवता आला. समोर बसलेल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं. पत्राला मात्र पुढच्या आठवड्यात उत्तर देता येतं. एमिलीने ही मुभा पुरेपूर वापरली. तिच्या हातून लिहिलं गेलेलं कमी आहे, पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की तिचं थांबणंही बोलू लागतं. एडवर्डने ते ओळखलं असावं. तो तक्रार करतो, वाट पाहतो आणि पुन्हा लिहितो. लग्नानंतर राहायच्या घराची व्यवस्था तिला कळवतो. माणूस चिकाटीचा आहे, हे तिला त्याच्या कुठल्याही मतापेक्षा या पाठोपाठ येणाऱ्या पत्रांतून अधिक कळलं असेल.

आपल्याकडचा क्रम उलटा होता. आधी लग्न, मग पत्रं. 1874 साली नऊ वर्षांच्या यमुनेचं लग्न टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी झालं आणि तिचं नाव आनंदी झालं. न्यू जर्सीतल्या रोझेल या गावच्या श्रीमती कारपेंटर यांच्याशी तिचा पत्रव्यवहार 1880 साली सुरू झाला. त्यातून जुळलेल्या मायेच्या आधारावर ती 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. तिथून तिने गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांत बायको नवऱ्याशी वाद घालते, आपलं मत ठामपणे मांडते. घरात मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी धड बोलण्याचीही सोय नसलेल्या काळात सातासमुद्रांच्या अंतराने तिला हा मोकळेपणा दिला. मन्सनच्या एमिलीला वीस-पंचवीस मैलांनी जे दिलं, तेच.

स्वस्त टपाल, भरभरून पत्रं

1845 साली अमेरिकेने टपालाचे दर उतरवले. तीनशे मैलांपर्यंतच्या पत्राला 5 सेंट, आणि मोजणी कागदांची नव्हे तर वजनाची. 1847 मध्ये पहिली राष्ट्रीय तिकिटं आली, 1851 मध्ये आधी पैसे भरलेलं पत्र 3 सेंटांत जाऊ लागलं. पाकीट आता परवडू लागलं, पत्रं फुगू लागली. व्हॅलेंटाइन दिनाच्या चिठ्ठ्यांची लाट आली. एस्थर हाउलँड ही तरुणी वुस्टरमधल्या आपल्या घरी मैत्रिणींना हाताशी धरून जाळीदार शुभेच्छापत्रं बनवू लागली आणि त्याचा भरभराटीचा धंदा झाला.

या लाटेत डिकिन्सनांची मधली मुलगी वाढली. तिचं छापून आलेलं अगदी सुरुवातीचं लिखाण म्हणजे दोन व्हॅलेंटाइन. एक गद्य, 1850 मध्ये ॲमर्स्ट कॉलेजच्या नियतकालिकात. दुसरं पद्य, 1852 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात. पुढे ती घराबाहेर फारशी पडेनाशी झाली, पण तिची एक हजाराहून अधिक पत्रं आज आपल्याजवळ आहेत. दूर राहून माणसांच्या अगदी जवळ जाण्याची किमया तिने आयुष्यभर केली. वडिलांची चिकाटी आणि आईचं मौन, दोन्ही तिच्या ओळींत नांदताना मला दिसतात.

तुमच्या घरात आजी-आजोबांची, पणजीची पत्रं असतील, तर ती एकदा बाहेर काढाच. मजकूर वाचालच, पण आधी तारखा एका कागदावर उतरवून काढा. कुणाचं उत्तर चार दिवसांत आलं, कुणी महिनाभर लावला, कोण पाठोपाठ लिहीत राहिलं. पत्रात न लिहिलेलं बरंच काही त्या तारखांच्या मधल्या दिवसांत सापडेल.