सड्यावरच्या चित्रांचे वय कसे सांगायचे?

देवगड तालुक्यातील मिठबावहून सहलीला निघालात, तर शेजारच्या मालवण तालुक्यात दोन अगदी निराळ्या काळांचे अवशेष पाहता येतात. एक, मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला. दुसरे, कुडोपी गावच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पे. कोकणात जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट पठाराला 'सडा' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

किल्ल्याचे वय सांगणे सोपे आहे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. हे लिहून ठेवलेले आहे, म्हणून आपल्याला कळते. कुडोपीच्या सड्यावर मात्र साठाहून अधिक आकृत्या आहेत, पण एकही अक्षर नाही. मग त्या कधी कोरल्या, हे कसे ठरवायचे?

'कार्बन-१४ ची पद्धत वापरा,' असे कोणी म्हणेल. ही पद्धत कशी चालते ते पाहू. प्रत्येक सजीव जिवंत असेपर्यंत थोडा किरणोत्सर्गी कार्बन शरीरात घेत असतो. तो मेला की ही भर थांबते आणि दर सुमारे ५,७३० वर्षांनी उरलेला साठा निम्मा होतो. किती उरला ते मोजले की काळ कळतो. पण दगड कधी सजीव नव्हता! शिवाय चित्र रंगवताना दगडावर काहीतरी चढते. कोरताना दगडाचा कपचा फक्त निघून जातो. मोजण्याजोगे मागे काही उरत नाही. जांभ्याचे वय काढले, तरी ते खडकाचे वय होईल, चित्राचे नव्हे.

अशीच अडचण आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज येथील प्रचंड दगडी थडग्याबाबत होती. तेथे १९६२ ते १९७५ या काळात प्रा. ओकेली यांनी उत्खनन केले. छताच्या शिळांमधल्या फटी बुजवण्यासाठी भाजलेली माती वापरलेली होती आणि तिच्यात कोळसा होता. कोळसा म्हणजे एके काळचे झाड! त्याच्या तपासणीवरून थडगे इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे ठरले. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडहूनही ते जुने आहे.

आपल्या सड्यावर अशी माती टिकत नाही. कोकणातला धुवांधार पाऊस ती वाहून नेतो. म्हणून अभ्यासकांना आडवाटेने पुरावे गोळा करावे लागतात. कोकणातील काही कातळशिल्पांत गेंड्यासारखे प्राणी दिसतात. आज ते येथे आढळत नाहीत. शेतीची कामे मात्र चित्रांत दिसत नाहीत. कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या गुहेत उत्खनन झाले, तेव्हा दगडी हत्यारे मिळाली. म्हणजे या भागात प्राचीन काळी माणूस वावरत होता. अशा धाग्यांवरून ही चित्रे काही हजार वर्षांपूर्वीची असावीत, असे मानले जाते.

आता खरी काळजीची गोष्ट. जांभा घरे बांधायला सोयीचा. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्यामुळे सड्यावर चिरेखाणी निघतात, रस्ते होतात. किल्ल्याचा बुरूज ढासळला, तरी त्याची हकीकत कागदावर उरते. कातळशिल्प फुटले, तर काहीच उरत नाही. कारण तेच चित्र आणि तोच कागद. सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. कुडोपीसह कोकण-गोव्यातील नऊ ठिकाणची कातळशिल्पे २०२२ पासून त्या यादीच्या उंबरठ्यावर, म्हणजे संभाव्य यादीत, आहेत. बाकीची अनेक उघड्या माळावरच पडून आहेत.

तेव्हा सहलीला हिवाळ्यात जा. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते आणि सडा निसरडा होतो. गावात विचारून, वाटाड्या घेऊन सड्यावर चढा. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर पाहा. तिरप्या उन्हात उथळ रेषाही सावलीमुळे उठून दिसतात. रेषांवर पाय देऊ नका, त्या खडूने भरू नका. बरोबर मोजपट्टी, होकायंत्र आणि आलेखाचा कागद न्या. एका आकृतीची लांबी, रुंदी आणि दिशा मोजून प्रमाणात चित्र काढा, खाली तारीख घाला आणि ते शाळेत जपून ठेवा. तुमच्याही गावच्या सड्यावर न नोंदलेल्या रेषा असतील, तर त्यांचा पहिला कागद तुमच्या हातचा असेल.