गाडी रिकामी कां करवितात?

मुंबईची उपनगरी गाडी शेवटच्या स्थानकावरून कारशेडकडे जावयाची असली, कीं डुलकी लागलेल्या उतारूसही उठवून उतरवितात. यांत रेल्वेचा हट्ट नाहीं. उतारूंच्या गाडीस मिळणारा सिग्नल सामान्यतः पुढील रूळ मोकळा असल्याची ग्वाही देतो, आणि वाटेंतील सांधे चाकांखालीं हलूं नयेत म्हणून कुलुपबंद केलेले असतात. शंटिंगचा बुटका सिग्नल तशी ग्वाही देत नाहीं. पुढें दुसरे डबे उभे असतील, असें धरूनच चालकानें जावयाचें. म्हणून भारतांत शंटिंगच्या वेगाची सामान्य मर्यादा ताशीं 15 किलोमीटर आहे. वेग अल्प खरा; पण डबे जोडतांना बसणारा हिसका उभ्या माणसास पाडावयास पुरेसा होतो. दारांत लोंबकळणाऱ्यांचें तर विचारावयासच नको! शिवाय बाजूच्या रुळांवर फलाट नसतो. तेथें अडकलेला मनुष्य घाबरून खालीं उडी टाकतो, आणि शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येत असते.

गाडी उलट फिरते एवढ्यानेंच मात्र कोणास उतरवीत नाहींत. बोरघाटांत खंडाळ्याजवळ 1929 पर्यंत गाड्या दिशा बदलून पुढें जात, व उतारू खुशाल बसून राहत. कारण उतारूंच्या गाड्यांचा तो नित्याचाच मार्ग होता.